उसात उतरलेल्या यानाचा आवाज

गणपती गेले आणि आमच्या माडीवर यान उतरायला लागलं. सकाळी पोह्यांच्या वेळेला यायचं, जेवणापर्यंत घुमायचं, आणि दुपारी मी जरा आडवा होऊन डोळा लागतो न लागतो तोच परत 'घूंऽऽऽ' करत माझ्या डोक्यावर येऊन थांबायचं. छताला टांगलेला पंखा त्या आवाजानं हलकेच थरथरायचा. मी उशी कानावर घ्यायचो. उशीतूनही यान यायचं.

शिवाजी पेठेत घरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी आहेत. एका घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात ठसका लागतो. त्यामुळे यान आमच्या एकट्याचं राहिलं नाही. शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी दारात आल्या. "अवो, तुमच्या बोअरची मोटर जळायला लागलीया बगा. मला वास पण येतोय." आमच्याकडे बोअर नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मीच बोअर लपवून ठेवलाय. तालमीतली पोरं मात्र खूश होती. रस्त्यात थांबवून विचारायची, "काका, बेस लई भारी हाय. बॉक्स कुठनं आणलासा?"

सगळ्यात मोठं नुकसान बायकोनं केलं. तिला वाटलं, फ्रीज शेवटच्या घटका मोजतोय. तिनं तो बंद केला, आणि आवाज योगायोगानं त्याच वेळी थांबला. झालं. निदान पक्कं झालं. संध्याकाळी डोशाचं पीठ भांड्यातून बाहेर येऊन फ्रीजच्या दारात उभं होतं.

यानाची मालकीण आमची मुलगी. पुण्याला ध्वनीचं शिक्षण घेऊन आली होती आणि तिला पहिलं स्वतंत्र काम मिळालं होतं: कोल्हापुरातच तयार होणाऱ्या एका विज्ञानपटाचं संगीत. सगळं इलेक्ट्रॉनिक. तबला नाही, बासरी नाही, गाणारं कोणी नाही. ही गोष्ट माझ्या बायकोच्या पचनी पडेना.

"म्हणजे वाजवणारं कोणच नाही?"

"मी आहे की, आई."

"तू तर नुसती बसलेली असतीस."

मी या वादात पडलो, कारण घरात संगीतातला जाणकार मीच. तरुणपणी मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. वाजवायचो म्हणजे, त्या कीबोर्डला 'डेमो' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की कीबोर्ड स्वतःच काहीतरी अवघड आणि झकास वाजवायला लागायचा, आणि आपण वर बोटं नाचवायची. बिद्रीच्या एका लग्नात मी ते बटण दाबलं आणि डोळे मिटून अशी काही मान हलवली, की नवरीच्या मामांनी स्टेजवर येऊन माझ्या गळ्यात हार घातला. हार घातल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि तरी वाजणं थांबलं नाही. मामा भाबडे होते. त्यांना तोही माझ्या कलेचाच भाग वाटला. आता माझं स्टेशनरीचं दुकान आहे, पण इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी बोलायचा माझा अधिकार तेव्हापासूनचा आहे.

त्या अधिकारात मी माडीवर गेलो आणि म्हणालो, "बाळ, सगळं ठीक आहे, पण खाली जरा ठेका टाक."

"पप्पा, यानाला ठेका नसतो."

"ट्रॅक्टरला असतो की."

तिनं कानावर हेडफोन चढवले. आजकाल पोरं आपल्या तोंडावर दार लावत नाहीत, तेवढाच काय तो सुधारणेचा भाग.

पंधरवड्यानं डायरेक्टर घरी ऐकायला आले. वय असेल तिशीच्या पुढे, दाढी भरघोस, डोक्याला उलटी टोपी. त्यांनी आधी आम्हाला पिक्चरची गोष्ट सांगितली. एका गावाबाहेर उसात एक यान उतरतं. ते कोणाला दिसत नाही, बोलत नाही, काही मागत नाही. नुसता त्याचा आवाज येतो. आणि त्या आवाजानं अख्खं गाव हातातलं काम टाकून, एकही शब्द न बोलता, उसाच्या दिशेनं चालायला लागतं.

"आणि मग यान कसं दिसतं?" मी विचारलं.

"दिसतच नाही. यान परवडत नाही," डायरेक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "म्हणून सगळी भिस्त आवाजावर."

बाकीचं संगीत त्यांना पसंत पडलं. मग मुलीनं यानाचा आवाज लावला. पंखा थरथरला. शेजारून काकूंचा आवाज आला, "लागली बगा मोटर!" डायरेक्टर शेवटपर्यंत शांत ऐकत राहिले आणि सोबत चहा पीत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "आवाज वाईट नाही. पण ह्या आवाजामागं कोण उठून जाणार? मी हातातला कप सुद्धा खाली ठेवला नाही."

ही गोष्ट खरी होती. कप त्यांच्या हातातच होता आणि रिकामा होता. बायकोनं तो आवाज चालू असतानाच त्यांना दुसरा चहाही ओतला होता.

मग ते जरा अवघडून म्हणाले, की दिवाळीच्या पाडव्याच्या आधीच्या रविवारी ते परत ऐकतील. तोवर यान जमलं तर उत्तम. नाहीतर मुंबईत त्यांच्या ओळखीचा एक जण आहे, तो करून देईल. फक्त तो म्हणतो, एका पिक्चरला दोन हात नकोत. केलं तर सगळंच मी करणार.

म्हणजे यान गेलं की सगळं गेलं. पडद्यावरचं नावही गेलं.

मुलगी रडली नाही. रडली असती तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं. तिनं जेवताना शांतपणे सांगितलं, की पुण्यात तिच्या मैत्रिणीच्या ऑफिसात एक जागा आहे. आपण कुठं फोन लावला आणि 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणाले, की मागं जी धून वाजते, ती बनवायची नोकरी.

"चांगलं आहे की," बायको म्हणाली. "ती तरी लोक ऐकतात."

मी टेबलाखालून बायकोचा पाय दाबला. पाय मुलीचा निघाला.

पुढच्या रविवारी मी तिला गाडीवर मागं बसवलं आणि गडमुडशिंगीला नेलं. तिथं माझा थोरला भाऊ राहतो. उसाची शेती, चार म्हशी, आणि तोंड. तोंड गावात प्रसिद्ध आहे. मला वाटलं, पोरीला जरा मोकळी हवा लागेल, वहिनीच्या हातचं खाईल, यान विसरेल.

आम्ही पोचलो तेव्हा दादा म्हैस पळवत होता.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, अंगावर नक्षी काढायची आणि गावातून मिरवायचं. खरा कस मात्र पळवण्यात. मालक मोटारसायकलवर पुढं, सायलेन्सरची पुंगळी काढलेली, म्हणजे गाडीचा आवाज आभाळाला भिडलेला, आणि म्हैस मोकळी, दाव्याशिवाय, त्या आवाजामागं पळत सुटलेली. गर्दीतून, फटाक्यांतून, दुसऱ्यांच्या गाड्यांतून, तिनं फक्त आपल्या मालकाच्या गाडीमागं जायचं. त्यासाठी महिनाभर आधीपासून तालीम चालते. ज्याची म्हैस मध्येच थांबून कोणाच्या दारातला कडबा खायला लागते, तो माणूस पुढच्या पाडव्यापर्यंत चारचौघांत मान वर करत नाही.

दादा समोरून आला. आधी आवाज आला, मग धुरळा, मग दादा, मग म्हैस. काळीभोर, तुकतुकीत, एवढी अवजड, पण मान पुढं काढून अशी धावत होती की गाडी आणि ती यांच्यात एक न दिसणारी दोरी आहे. आमच्याजवळ येऊन दादानं गाडी बंद केली. म्हैस जागच्या जागी थांबली आणि त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून फुसफुसली.

"बगितलंस?" दादा मला म्हणाला. "दुसरं कोण बी येऊ दे, गाडी फुटस्तोवर रेस कर म्हणावं. हिचं कान हलायचं न्हाईत. माझाच आवाज पायजे."

मी मुलीकडे बघितलं. ती म्हशीकडे बघत होती. मग तिनं पाठीवरची पिशवी काढली आणि माईक बाहेर काढला.

त्या दिवशी दादाचं रेकॉर्डिंग झालं. त्याला माईक दिसल्यावर त्यानं आधी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि "गडमुडशिंगीच्या समस्त ग्रामस्थांच्या वतीनं" अशी सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "मोठे पप्पा, तुम्ही बोलू नका. नुसती गाडी पाहिजे."

"नुसती गाडी? मग माझा काय उपयोग?"

"तुम्ही चालवा."

"चालवताना थोडं बोलावं लागतंय गं. म्हशीला आवडतंय."

त्यामुळे आजही तिच्या लॅपटॉपवर जी फाईल आहे, त्यात इंजिनाच्या मागं दादाचं 'हुर्रर्र' आहे, आणि रस्त्यात आडव्या आलेल्या एका स्कूटरवाल्याच्या सात पिढ्यांचा उल्लेख आहे.

घरी आल्यावर तिनं तो आवाज घेतला, ताणला, खाली उतरवला, अजून ताणला. फटफट आवाजाचा श्वास झाला. कोणीतरी प्रचंड मोठं, डोंगराएवढं, दमून भागून आपल्या दिशेनं येतंय असं वाटायला लागलं. त्याच्याखाली तिनं स्वतःचं काहीतरी सारलं. ते काय होतं हे मला तेव्हा ऐकू आलं नाही. माझ्या अंगावर काटा आला, पण मी बाप आहे. शाळेच्या कवायतीत ती शेवटच्या रांगेत उलट्या बाजूला वळली होती, तेव्हाही आला होता.

आता डायरेक्टरांना ऐकवायचं. ते म्हणाले, खोलीत नको, उघड्यावर ऐकू. गडमुडशिंगीतच लावू, नाहीतरी उसातलं शूटिंग अजून तिकडंच करायचंय. मंडळाचे स्पीकरचे मोठे बॉक्स आणू, उसाच्या कडेला उभे करू. रविवारी दुपारी सगळे दादाच्या घरी जमणार असं ठरलं. इथं दादानं मला गोठ्यामागं बोलावलं.

"त्या डायरेक्टरला काय पायजे? आवाजानं कोणतरी वढलं जायला पायजे, व्हय की न्हाय?"

"व्हय."

"मग म्हस हाय की. पोरीनं माझ्याच गाडीचा आवाज घेतलाय नव्हं? तिला मागच्या बाजूला सरकगाठीनं बांधतो. आवाज आला की एक हिसका देणार आणि येणार. डायरेक्टर म्हणणार, आयला, जनावर वढलं, तिथं माणसाचं काय घिऊन बसलायस!"

लिहिताना या योजनेतले दोष मला स्वच्छ दिसतात. त्या वेळी एकही दिसला नाही. उलट मी सुचवलं, की गाठ अजून सैल मार.

रविवारी बॉक्स उभे राहिले. पडवीतल्या खाटेवर मुलगी लॅपटॉप घेऊन बसली. तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. डायरेक्टर उसाच्या कडेला, पाण्याच्या पाटाजवळ जाऊन उभे राहिले. त्या दिवशी उसाला पाणी चालू होतं, पाट तुडुंब होता. त्यांनी हात मागं बांधले, डोळे मिटले आणि म्हणाले, "लावा."

आवाज आला. जमिनीतून आल्यासारखा आला. बांधावर बघायला जमलेल्या मंडळींपैकी एक जण मोठ्यानं म्हणाला, "मोटर लागली काय रं?" डायरेक्टरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मी गोठ्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात गोठ्यामागून ती निघाली.

अशी निघाली, की आम्हीही घाबरलो. मान पुढं, शेपूट वर, सुटलेलं दावं हवेत. डायरेक्टर बॉक्सच्या आणि तिच्या बरोबर मधे होते. त्यांना पावलं ऐकू आली असावीत. त्यांनी डोळे उघडले. त्यांनी काय बघितलं असेल हे मी आजही मनात आणू शकतो. त्यांनी दोन पावलं मागं टाकली. पहिलं बांधावर पडलं, दुसऱ्याला बांध नव्हता.

ते कंबरेपर्यंत पाटात उभे होते तेव्हा म्हैस त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पुढं गेली, बॉक्सपाशी थांबली आणि त्याच्या जाळीला कपाळ लावून फुसफुसली.

दादाचा चेहरा उतरला. "आरं, मी हितं हुबा हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आणि डबड्याकडं गेली."

मुलीनं आवाज बंद केला. डायरेक्टर वर आले. त्यांच्या पँटमधून पाट वाहत होता, पण डोळे चमकत होते. "काय ओढ आहे!" ते म्हणाले. "जनावर दावं तोडून आलं! मॅडम, हे..."

आमची योजना तडीला जात होती. मी दादाला कोपरानं ढोसलं. आणि मघाचा तो बांधावरचा गृहस्थ, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, मदतीच्या भावनेनं पुढं आला.

"पावणं, ती येणारच की! त्येंच्याच गाडीचा आवाज हाय त्यो. म्हैना झाला पळवाय लागल्यात. आणि दावं कुठलं तोडतीया, सरकगाठ हाय ती. सकाळी मी बगितली नव्हं बांधताना."

डायरेक्टरांनी दाव्याचं टोक बघितलं. दादाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग मुलीकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, ही म्हशीची सवय आहे. हे संगीत नाही."

मुलगी खाटेवरून उठली. "पप्पा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"दादाची आयडिया होती."

"माझी?" दादा उसळला. "गाठ सैल मार कोण म्हणालं?"

पुण्यात राहून 'मी जाते' म्हणायला शिकलेली आमची पोरगी चिडली की कोल्हापुरात परत येते. "मी जातो पुण्याला," ती म्हणाली. "उद्याच जातो. फोनच्या धुना करतो. तिथं निदान कोण म्हैस तरी सोडणार नाही."

प्रकरण तिथं संपायचं. डायरेक्टर गाडीची किल्लीही शोधत होते. पण वहिनी आडवी आली. आमच्या वहिनीच्या घरातून पाहुणा उपाशी गेलेला नाही आणि ओला तर मुळीच नाही.

"पावणं, असं वल्लं जायाचं न्हाय. गाडीवर वारं लागतंय, ताप येतोय. द्या ती पँट हिकडं."

"काकू, राहू दे, मी..."

"द्या म्हणतो न्हवं!"

दहा मिनिटांत डायरेक्टर दादाच्या लेंग्यात होते. दादाचा घेर आणि डायरेक्टरांचा घेर यांत दोन माणसांचं अंतर आहे. नाडी त्यांनी जवळजवळ छातीवर बांधली होती. पँट पडवीतल्या तारेवर वाळत होती, तिच्यापुढं टेबलफॅन लावला होता, आणि वहिनीनं त्यांच्या हातात गरम भाकरी, लोणी आणि ठेचा दिला होता. बिचारे अंगणातल्या बाजेवर बसून खात होते. मिनिटामिनिटाला तारेकडे बघत होते.

मी वायर गुंडाळायला घेतली.

"पप्पा, हात लावू नका."

मुलगी परत लॅपटॉपपाशी बसली होती. मला वाटलं, बंद करतेय. ती बंदच करत होती, पण गाडीचा आवाज. बाकीचं तसंच ठेवून तिनं तेवढं इंजिन काढून टाकलं आणि बाजेकडे बघून म्हणाली, "सर, पँट वाळेपर्यंत एक ऐकता? ह्यात गाडी नाही. इंजिनाच्या खाली मी जे ठेवलं होतं, ते तेवढंच आहे."

डायरेक्टरांच्या तोंडात घास होता. त्यांनी मान हलवली. होकार होता की ठेचा तिखट लागला होता, सांगता येत नाही.

तिनं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. बॉक्स मुके. वायर गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या बोर्डवरून घेतली होती, तिथला प्लग सैल होऊन सुटला होता. मी धावत गेलो, बसवला. हात काढला की परत निघायचा.

"पप्पा!" बाहेरून आवाज आला. "प्लग धरून उभे राहा. आणि दुसरं काहीसुद्धा करू नका."

म्हणून आमच्या मुलीच्या आयुष्यातला तो प्रसंग घडला तेव्हा मी गोठ्यात, भिंतीकडे तोंड करून, प्लग दाबून उभा होतो. मला अंगण दिसत नव्हतं. शेजारी ती म्हैस, दादानं आता तिढे देऊन बांधलेली, बसून रवंथ करत होती.

सुरुवात कळलीच नाही. आपण खूप वेळ काहीतरी ऐकतोय एवढंच लक्षात आलं. एकच स्वर होता, खाली, दूर. तो वाढत नव्हता, पण जवळ येत होता. कोणीतरी दारापलीकडे येऊन उभं राहावं, कडी वाजवू नये, हाक मारू नये, आणि तरी आपल्याला कळावं की बाहेर कोणीतरी आहे, तसं. त्यात मधेच एक बारीक सूर उठायचा, अर्ध्यात थांबायचा. पुढं काय, असं वाटून छातीत काहीतरी वर यायचं.

मी म्हशीकडे बघितलं. तिनं कान हलवून माशी उडवली.

"ऊठ की गं बाई," मी म्हणालो.

तिनं जबडा डावीकडून उजवीकडे नेला. मघाशी दावं घेऊन धावणारी हीच ती. आता तिच्यासमोर आमच्या पोरीचा जीव वाजत होता आणि ती चघळत होती. मी समजलो. गाडी नाही म्हणजे काही नाही. डायरेक्टर म्हणाले तेच बरोबर. मी प्लग घट्ट दाबून धरला आणि परतीच्या वाटेवर पोरीशी काय बोलायचं याची मनात तयारी करायला लागलो. फोनवर थांबलेल्या माणसालाही कोणाच्या तरी सोबतीची गरज असते, वगैरे. पुण्यात हवा चांगली आहे. शनिवार-रविवार येता येतं.

आवाज हळूहळू विरला. तो कधी संपला हेही कळलं नाही. मी वाट बघत राहिलो, की आता कोणीतरी काहीतरी बोलेल. कोणी बोलेना. गडमुडशिंगीत दिवेलागणीला, दादाच्या अंगणात, एवढी माणसं जमलेली असताना कोणीही काहीही बोलत नाही, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली. प्लग सोडून मी बाहेर आलो.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दोन्ही हात पिठाचे. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता. शेजारची बाई पोरीची वेणी घालता घालता आली असावी. पोरगी पुढं, तिचे केस आईच्या मुठीत, कंगवा केसांत अडकलेला, आणि दोघी उसाकडे बघत होत्या. पलीकडच्या घरांतून माणसं दारात, ओट्यावर, रस्त्यावर आली होती. मघाचा बांधावरचा गृहस्थ तळहातावर तंबाखू घेऊन उभा होता, अंगठा चुन्यावर थांबलेला. दादाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीही बाहेर येत नव्हतं.

बाजेवर डायरेक्टर नव्हते.

ते फाटकाच्या बाहेर, रस्ता ओलांडून, पार उसाच्या सरीपाशी पोचले होते. अनवाणी, दादाच्या लेंग्यात, एका हातात भाकरी. तिथून ते वळले, आपण इथं कसे आलो असं पायाकडे बघितलं आणि परत आले. मुलीसमोर उभे राहिले.

"हेच," ते म्हणाले. "ह्याला हात लावायचा नाही. इंजिन फेकून द्या. मुंबईला मी कळवतो, लागत नाही म्हणून."

मुलीनं नुसती मान हलवली आणि खाली बघत लॅपटॉपची एक कळ उगाचच पुसली.

"म्हणजे माझी गाडी पिच्चरमधी न्हाय?" दादानं विचारलं.

"नाही."

"आणि म्हस?"

"नाही हो."

दादानं थोडा विचार केला. "बरं झालं. डबड्याची सवय लागली असती तिला. पाडव्याला कुणाच्या तोंडाकडं बगायचं?"

तेवढ्यात वहिनीला कंठ फुटला. "बंद का केलीस गं? लाव की परत. ते मधीच थांबतंय न्हवं, तितं पुढं काय हाय, मला ऐकायचंय. आणि कुणीतरी ती भाकरी बगा माझी!"

भाकरीकडे कोणी गेलं नाही. मुलीनं हात बटणाकडे नेला, दाबलं, बॉक्सकडे बघितलं. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"पप्पा, तुम्ही इथं काय करताय? प्लग कोण धरलाय?"

मी गोठ्याकडे पळालो.